गरोदर बाईला मिश्रीचं कोण विचारणार?



३१ मेचा तंबाखूविरोधी दिन यंदाही फेऱ्या आणि शपथांत उरकला. फलकांवर तेच ते: सिगारेट आणि पुरुषाचं सडलेलं तोंड. आमच्या नांदेड-लातूरच्या खेड्यांत सकाळी ओसरीवर बसून मिश्री लावणारी गरोदर बाई त्यात कुठेच नाही, याचा संताप येतो.

गरोदर भाचसुनेबरोबर मी तपासणीला गेले होते. वजन झालं, रक्तदाब झाला, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं, ती नाही म्हणाली. ती खोटं बोलली नाही. मिश्री, म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, तिच्या लेखी दात घासायची पूड आहे. मळमळ थांबते, पोट साफ होतं म्हणून ती दिवसातून तीन-चारदा लावते आणि डबी सासूच पुढे करते. ‘दात कशानं घासता?’ एवढं विचारायला काय लागतं?

मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. निकोटीननं रक्तवाहिन्या आखडतात, वारेतून बाळाला जाणारं रक्त घटतं. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे थोडे नव्हेत! आणि आमच्याकडे अजून म्हणतात, बाळ लहान असलं की बाई लवकर सुटते.

ऑक्टोबर २०२३मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात अर्भकं दगावली, तेव्हा औषधं आणि खाटांवरून गदारोळ झाला. तो व्हायलाच हवा होता. पण बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळच येऊ नये, म्हणून आधीचे नऊ महिने आपण काय करतो?

दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२पासून बंदी आहे, गुटखा २०१२मध्ये बंद झाला. आठवडी बाजारात मात्र सुटी तंबाखू कागदात बांधून मिळते. त्या कागदावर कसला इशारा असणार?

गरोदर बाईला न विचारण्यात मेडिकलवालेही मागे नाहीत. कंबर दुखते म्हटलं की किती महिने झाले हे न विचारता गोळी हातावर ठेवतात. पाचव्या महिन्यानंतर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, हे त्यांना ठाऊक नाही?

दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते. येत्या ९ जूनपासून प्रत्येकीला मिश्रीचं विचारा आणि सासूलाही समोर बसवून सांगा. त्याला वेगळा निधी लागत नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, अहमदपूर (जि. लातूर)