नाणेघाट पायी चढावा, पण बेताने

सहलीला जाणे आणि चालायला जाणे या गोष्टी एके काळी वेगळ्या नव्हत्या. आता सहल म्हणजे घराच्या दारात गाडीत बसायचे, ठिकाणाच्या दारात उतरायचे, भजी खायची, फोटो काढायचे आणि परतायचे. दिवसभरात धड हजार पावले पडत नाहीत, पोटात मात्र रोजच्या दुप्पट जाते. प्रकृतीच्या दृष्टीने हा सगळा तोट्याचा व्यवहार आहे. शिवाय ज्या गावाला आपण जाऊन आलो म्हणतो, ते गावही पाहायचे राहूनच जाते.

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाचे घाटघर आणि तेथून कोकणात उतरणारा नाणेघाट यांचेच उदाहरण घ्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण व सोपारा या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची यादी वाचायला मिळते. वर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. लेण्यात राजघराण्यातील मंडळींच्या मूर्ती होत्या. आज कोरलेली नावे आणि पावलांच्या खुणा, एवढेच काय ते उरले आहे.

या ठिकाणी पोहोचायला दोन वाटा आहेत. जुन्नरहून मोटाररस्ता थेट माथ्यावर जातो. दुसरी पायवाट मुरबाड तालुक्यातून, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वैशाखरे गावाजवळून निघते आणि साधारण दोन-तीन तासांत लेण्यापर्यंत आणते. माझे मत स्पष्ट आहे. ज्याचे गुडघे आणि हृदय धड आहे, त्याने ही पायवाट एकदा तरी चढावी. चढून आलेल्या माणसालाच कळते की लेणे आणि पाण्याची टाकी नेमकी येथेच का खोदली. दमून आलेल्या वाटसरूला सावली आणि पाणी हवे, हे त्या लोकांना चांगले ठाऊक होते. आपण मात्र ट्रेकला निघालो की विसावा घेणे म्हणजे कमीपणा मानतो.

दवाखान्यात पावसाळ्याच्या सोमवारी याचा प्रत्यय येतो. वर्षभर खुर्चीत बसलेली माणसे एका रविवारी घाट चढतात आणि मांड्या भरून आल्या, गुडघा सुजला, घोटा मुरगळला म्हणून येतात. चढताना दम लागतो, पण गुडघ्याचे खरे हाल उतरताना होतात. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा भार कितीतरी पटींनी गुडघ्यावर येतो. म्हणून उतरताना पावले लहान टाकावीत, हातात काठी असावी आणि घाई मुळीच करू नये. ओल्या खडकावर तर मुळीच नाही.

तयारी सहा आठवडे आधी सुरू करावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झपझप चालणे. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. शेवटचे दोन आठवडे जिने किंवा गावाजवळची टेकडी चढावी. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते. त्यांनी खिशात साखर ठेवावी आणि घरी परतल्यावर तळपाय नीट तपासावेत. वाटेत छातीवर दाब आला, घाम फुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले, तर 'थोडेच राहिले' म्हणून पुढे जाऊ नये. तेथेच बसावे आणि मदत मागवावी.

ज्यांना घाट झेपणार नाही त्यांनी खट्टू होऊ नये. गाडी गावाजवळ ठेवून माथ्यावरच्या सपाटीवर तासभर फिरावे. समोर जीवधन किल्ला दिसतो. या पट्ट्यात हिरड्याची झाडे आहेत. आपण त्रिफळा चूर्णाची पुडी विकत घेतो, त्यातला हिरडा इथले आदिवासी बांधव गोळा करतात. दुपारी पाकिटातला खाऊ फोडण्यापेक्षा गावातल्या एखाद्या घरी आधी सांगून भाकरी-भाजी जेवावी. पोटाला ती मानवते आणि त्या घराला चार पैसे मिळतात.

मोटाररस्त्याला माझा विरोध नाही. घाटघरच्या अडलेल्या बाळंतिणीला किंवा साप चावलेल्या शेतकऱ्याला जुन्नरला वेळेत पोहोचवायचे तर तोच रस्ता लागतो. म्हणूनच पावसाळ्यातल्या रविवारी गाड्या आडव्यातिडव्या लावून तो अडवणे हा माझ्या मते सार्वजनिक आरोग्याशी खेळ आहे. आपल्या मौजेपायी एखादी रुग्णवाहिका तासभर अडकली तर त्याची भरपाई कोण करणार?

तेव्हा वाचकहो, यंदा बेत करा तो असा. सकाळी लवकर निघा, पाणी घरचे न्या, ओढ्याचे पिऊ नका, कचरा परत आणा, गाडी कडेला लावा आणि जेवढे झेपेल तेवढेच चाला. चालायला सुरुवात मात्र उद्या सकाळीच करा, आपल्याच गल्लीतून.