विश्लेषण : एका संगणकावरील सॉफ्टवेअरमुळे जेएनपीटीतील टर्मिनल कसे ठप्प झाले?

‘एकाच संगणकावर तर टाकायचे आहे’ असे म्हणत कार्यालयांत अनेक सॉफ्टवेअर डाउनलोड केली जातात. ही सवय किती महागात पडू शकते, हे २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ सायबर हल्ल्याने दाखवून दिले. त्याची झळ उरणजवळच्या जेएनपीटी बंदरालाही बसली होती.

नेमके काय घडले?

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील बँका, सरकारी कार्यालये आणि कंपन्यांचे संगणक बंद पडले. ‘एमई-डॉक’ हे तेथे करविषयक कामासाठी सर्रास वापरले जाणारे सॉफ्टवेअर. हल्लेखोरांनी त्याच्या अधिकृत अपडेटमध्येच घातक प्रोग्राम घुसवला होता. म्हणजे सॉफ्टवेअर बनावट नव्हते, तरीही धोका त्यातूनच आला.

जेएनपीटीपर्यंत झळ कशी?

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसा कार्यालयात हे सॉफ्टवेअर एका संगणकावर टाकले होते, असे ‘वायर्ड’ नियतकालिकाने म्हटले आहे. तेवढी वाट पुरेशी ठरली. मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्सकडे असलेल्या जेएनपीटीतील टर्मिनलचे कामकाजही कोलमडले. मर्स्कला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणकांची यंत्रणा नव्याने उभारावी लागली. कंपनीच्या अंदाजानुसार नुकसान २० ते ३० कोटी डॉलरचे होते.

एवढ्या वेगाने कसा पसरला?

एक मार्ग होता विंडोजमधील त्रुटीचा. तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. दुसरा मार्ग अधिक घातक होता. बाधित संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड चोरायचे आणि ते वापरून नेटवर्कवरील इतर संगणकांत शिरायचे. त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही सुटले नाहीत. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितली जात होती; पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय नव्हती.

बचाव कसा करायचा?

केवळ मान्यताप्राप्त सॉफ्टवेअर वापरणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. ‘एमई-डॉक’ही अधिकृतच होते. त्यामुळे एक संगणक बाधित झाला तर तेथून कुठवर पोहोचता येईल, हे आधीच मर्यादित करावे लागते. त्यासाठी अशा संगणकाला वेगळ्या नेटवर्कवर ठेवणे, कर्मचाऱ्यांना ‘अ‍ॅडमिन’ अधिकार सरसकट न देणे आणि बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवणे हे उपाय आहेत. ‘वायर्ड’च्या वृत्तानुसार, मर्स्कच्या नेटवर्कचा कणा असलेल्या माहितीची एकच प्रत वाचली, ती घानातील कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती!