एका उसावर प्लॉट ठरत नाही



दहावीचा निकाल लागला की आठवडाभर शिवारात उसाचा विषय कुणी काढत नाही. ज्याचं पोर अडकलं तो म्हणतो, "साहेब, ही बोर्डाची परीक्षाच बंद केली पाहिजे." मला विचाराल तर परीक्षा राहिली पाहिजे.

सन 2018 साली राज्याचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 साली भाषा व सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातचे 20 गुण काढून घेतले, निकाल 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते परत दिले, 95.30 झाला. (त्या साली साथीमुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता, हेही खरे.) 2021 साली परीक्षाच झाली नाही, गुण शाळांनी भरले, निकाल 99.95! पोरं वर्षात एवढी शहाणी होतात काय? काटा सगळ्यांना एकच पाहिजे, म्हणजे ज्याची ओळखपाळख नाही त्याचंही वजन खरं होतं.

पण काटा एक म्हणजे संधी एकच, असं नव्हे. तोडणीचा प्रोग्राम लावताना आम्ही बांधावरचा एक ऊस घेऊन ब्रिक्स बघत नाही. आत शिरून चार ठिकाणचे ऊस घेतो. कच्चा निघाला तर पंधरा दिवसांनी परत जातो.

मी स्वतः 1996 च्या मार्चमध्ये गणितात 31 वर अडकलो. वडील म्हणाले, पुरे झालं, बैलांकडं बघ. आईनं अंडी विकून ऑक्टोबरचा फॉर्म भरला. सुटलो, पण वर्ष गेलं. कृषी पदविकेला दहावी पास लागते. तो फॉर्म राहिला असता तर तुमच्या लागणीच्या नोंदी आज दुसऱ्यानं घेतल्या असत्या.

2015 पासून ही फेरपरीक्षा साधारण जुलैत होते, वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश आहे. तरी आपल्याकडं मुलीचा एक विषय राहिला की स्थळं बघतात, मुलाला ट्रॅक्टरवर बसवतात. खोडव्याचे बुडखे छाटू, नांग्या भरू, पण पोराच्या फॉर्मला "बघू"!

मागे निकालानंतर आडसालीचं रान बघायला एका सभासदाकडं गेलो होतो. मुलीचा इंग्रजीचा पेपर राहिलेला, फॉर्मची मुदत दोन दिवसांवर, आणि वडील मला खताचा डोस विचारत होते. मी आधी फॉर्मचं विचारलं. डोस मग सांगितला.

— ऊस विकास अधिकारी