खेळाचे रूप आणि खेळाचा प्राण

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाहावयास दूरदूरचे लोक येतात. तेथील हिरव्या टेकड्या पाहून त्यांचे डोळे निवतात. परंतु ही हिरवळ आपोआप आलेली नाही. १९९० नंतरच्या काळात गावाने स्वतःस नियम घालून घेतले. झाड तोडावयाचे नाही, गुरे मोकाट चारावयाची नाहीत, शेतीसाठी कूपनलिका खोदावयाची नाही. पावसाच्या पाण्याचा हिशेब मांडून मगच पिके ठरू लागली. नियम आधी आले. शोभा मागाहून आली.

संगणकावरील व मोबाइलवरील खेळांविषयी मुलांचा वाद ऐकला म्हणजे मला या गावाची आठवण होते. कोणी म्हणतो, खेळात चित्रे श्रेष्ठ. कोणी म्हणतो, खेळण्याची रीत श्रेष्ठ. माझे मत दुसऱ्या पक्षाचे आहे.

१९८४ साली मॉस्को येथे अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी ‘टेट्रिस’ हा खेळ रचला. त्यांच्या यंत्रावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती; म्हणून त्यांनी कंसाच्या चिन्हांचे तुकडे केले. वरून येणारा तुकडा फिरवावा, रिकाम्या जागी बसवावा, ओळ भरली की ती नाहीशी व्हावी, एवढेच नियम! तरीही हा खेळ जगभर पसरला. कारण प्रत्येक तुकडा खेळणाऱ्यास नवा प्रश्न घालतो. अंगणात कोळशाने पट आखून, फोडलेले चिंचोके टाकून खेळणाऱ्या आपल्या आजीलाही हीच गोडी ठाऊक होती.

मग चित्रे निरर्थक आहेत काय? मुळीच नाही. २०२० साली पुण्यातील कलावंतांनी ‘राजी’ नावाचा खेळ तयार केला. राक्षसांनी पळवून नेलेल्या भावाच्या शोधात त्यातील मुलगी निघते. पहाडी चित्रशैलीची छाया असलेली त्यातील दृश्ये पाहताच आपणही तिच्याबरोबर निघावे असे वाटते. मात्र पुढच्या प्रत्येक पावलाला मन गुंतवून ठेवणे, हे काम नियमांचे आणि आव्हानाचेच असते. सुंदर दार पाहून पाहुणा आत येतो. पण घरात तो रमतो, तो माणसांमुळे.

खेळाला आपण आपला वेळ देतो, आणि गेलेला वेळ परत येत नाही. म्हणून नवा खेळ निवडताना, मुलांनो, स्वतःस एकच प्रश्न विचारा : यातील सारे रंग पुसून टाकले, तरी हा खेळ मला खेळावासा वाटेल काय?