विचारावे, ठरवू नये

पुनरुत्थानकाळातला चौथा रविवार आला की वसईच्या चर्चमधून पाचारणासाठी प्रार्थना होते. सहावे पोप पॉल यांनी १९६४ साली हा प्रार्थना दिन सुरू केला, तेव्हापासून तो जगभर पाळला जातो. देवाने आपल्या मळ्यात कामकरी पाठवावेत असे सगळेच मनापासून म्हणतात. फक्त ते शेजारच्या घरातून पाठवावेत, एवढे मनातल्या मनात जोडलेले असते.

यावरून आईवडिलांना बोल लावणे सोपे आहे. पाच-सात भावंडांतला एक सेमिनरीत जाई तेव्हा वाडी बघायला, म्हातारपणी हाताशी यायला बाकीचे असत. आज घरात एक नाहीतर दोन मुले. त्या एकुलत्या एकाने ‘मला फादर व्हायचंय’ म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा आला, तर तिची श्रद्धा उणी आहे असे म्हणता येणार नाही.

तरीही मुलांना विचारले पाहिजे, आणि उघडपणे विचारले पाहिजे, असे आम्हाला वाटते. डॉक्टर होशील का, इंजिनिअर होशील का, गल्फला जाशील का, हे आपण बिनदिक्कत विचारतो; एवढ्या एकाच वाटेबद्दल बोलताना घरातली मंडळी कावरीबावरी होतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हे काम एकट्या बिशपांवर किंवा पाचारण संचालकावर न टाकता कुटुंब, शाळा, धर्मग्राम अशा सगळ्यांवर सोपवले. न विचारणे हेही एक उत्तर असते आणि ते मुलांपर्यंत बरोबर पोचते.

मात्र विचारणे आणि ठरवून टाकणे यांत आपल्याकडे फार गल्लत होते. वेदीसेवक म्हणून उभ्या राहिलेल्या नऊ वर्षांच्या पोराला पाहून मावशी म्हणते, ‘हा आमचा फादर होणार.’ पुढे दहा वर्षे तेच वाक्य प्रत्येक लग्नात, बारशात त्याच्या कानावर पडते. मग आत शिरलेल्या मुलाला आपण देवाच्या हाकेने आलो की मावशीच्या, हे उमगायलाच चार वर्षे जातात.

कोवळ्या वयात घेण्यामागेही विचार होता. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने सेमिनऱ्या काढायला सांगितल्या, त्या निदान बारा वर्षांच्या मुलांसाठी. जगाचा वारा लागण्याआधी त्यांना घडवावे, असा हिशेब होता. त्या पद्धतीने कित्येक चांगले धर्मगुरू दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आजचा चर्चचा कायदा बराच सावकाश चालतो. उपदीक्षेला किमान २३ वर्षे, गुरुदीक्षेला २५, आजन्म व्रतांना २१. २०१६च्या नव्या मार्गदर्शिकेनुसार आधी पूर्वतयारीचा काळ, मग तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान, मग प्रत्यक्ष धर्मग्रामातला अनुभव. दीक्षेपूर्वी उमेदवाराने आपण स्वखुशीने येत आहोत असे स्वहस्ते लिहून द्यायचे असते. त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत निर्णयासाठी कधीच विचारायचे नसते. त्यामुळे मुलाला मनातली शंका निर्धास्तपणे बोलून दाखवता येते.

या सगळ्यात आपला, म्हणजे सामान्य भाविकांचा, एक वाटा आहे आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. दीक्षेच्या आड येणारी बाब ठाऊक असेल तर ती वरिष्ठांना कळवणे भाविकांचे कर्तव्य आहे. मुलगा रागावला की कसा वागतो, पैशाला कसा आहे, बायकामुलांशी कसा बोलतो, हे रेक्टरपेक्षा गावाला जास्त माहीत असते. आपण मात्र बॅनर पाहतो आणि मंडप किती लांब घालायचा याची चर्चा करतो. डोळेझाक केल्याची किंमत कोण मोजते, हे २००२ साली बॉस्टनमधल्या धर्मगुरूंच्या बाललैंगिक अत्याचार प्रकरणाने जगाला दाखवले: ती मुलांनी मोजली.

तेव्हा चाळण बारीक हवी. २०११ साली जगभरच्या मोठ्या सेमिनऱ्यांत सुमारे १ लाख २० हजार विद्यार्थी होते. पुढे तो आकडा उतरत गेला. आकडा उतरला की चाळणीची भोके मोठी करण्याचा मोह होतो. एका सेमिनरीने काढलेल्या उमेदवाराला दुसरीने घ्यायचे तर त्याला का काढले हे आधीच्या वरिष्ठांकडून जाणून घ्यावे, असा नियम त्यासाठीच आहे.

पण पारखणारेही चुकतात, हे वसईकरांनी तरी विसरू नये. संत गोन्सालो गार्सिया आपल्याच मातीतला. जपानात तो येशूसंघीयांच्या हाताखाली राबला, त्याला संघात यायचे होते. प्रवेश मिळाला नाही. हिंदुस्थानात जन्मलेल्यांना घेण्याबाबत त्या काळच्या युरोपीय वरिष्ठांचे मन मोकळे नव्हते. तो व्यापारात पडला, त्यात जम बसवला, आणि पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रूसावर मारले गेले. आज त्याच्या नावाने सण करणारे आपण, तिशीतला नोकरदार माणूस सेमिनरीची चौकशी करायला आला की ‘आता कुठे?’ म्हणतो.

धर्मभगिनींच्या बाबतीत तर आपण आणखी कंजूष. गुरुदीक्षेला बँड आणि गावजेवण, मुलीच्या व्रतांना घरचे चार लोक. एके काळी कॉन्व्हेंट ही मुलींसाठी शिक्षणाची आणि घराबाहेरच्या कामाची वाट होती. आज नर्स किंवा शिक्षिका व्हायला व्रते घ्यावी लागत नाहीत. त्यामुळे संख्या घटणार, आणि त्यात वाईटच आहे असे आम्हाला वाटत नाही. येणारी मुलगी निदान प्रार्थनेसाठी आणि व्रतस्थ जीवनासाठीच येईल. पण मग तिला संस्थेची व्यवस्था सांभाळणारे फुकटचे मनुष्यबळ समजणेही थांबायला हवे. बोलावणाऱ्या संघांनी हा हिशेब आधी आपल्या घरात करावा.

राहता राहिले परत येणारे. सहा वर्षांनी बॅग घेऊन घरी आलेल्या मुलाला गाव ‘पळून आला’ म्हणते. एका अर्थी त्याने पारख नीट केली, आणि संचालकांनीही. तरी त्याची बहीण लग्नाची असेल तर घरचे ती गोष्ट लपवतात. ही भीती असेपर्यंत आत राहिलेल्यांतले किती जण हाकेमुळे राहिले आणि किती लाजेमुळे, हे सांगणे कठीण. शिवाय हाताशी विद्यापीठाची पदवी नसेल तर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासावर नोकरी मिळत नाही. म्हणून, बारावीनंतर लगेच जाऊ पाहणाऱ्याला अडवू नये, पण कोणत्याही धर्मप्रांताने किंवा संघाने त्याला पदवीशिवाय पुढच्या टप्प्यावर नेऊ नये, असा आमचा आग्रह आहे. काही ठिकाणी हे होतेच. जिथे होत नाही तिथे आईवडिलांनी प्रवेशाच्या दिवशीच रेक्टरना विचारावे: आमचा मुलगा परत आला, तर त्याच्या हातात काय असेल?