'शिकलेला' कोणाला म्हणावे?

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक परिसरात एक वाक्य सहज ऐकू येते : 'कामात हुशार आहे, पण फारसा शिकलेला नाही.' या वाक्यात 'शिकणे' या क्रियापदाचा अर्थ आपण किती आकसून टाकला आहे, हे त्याची व्युत्पत्ती पाहिली की ध्यानात येते.

'शिकणे' हे तद्भव क्रियापद आहे. संस्कृत 'शिक्ष्', प्राकृत 'सिक्ख', मराठी 'शिक' असा त्याचा प्रवास झाला. मराठीत द्वित्व गेले आणि 'ख'मधील महाप्राणही लोपला. हिंदी 'सीखना'त तो टिकून आहे. 'शिक्षण' हा शब्द मात्र तत्सम. भाषेचे अभ्यासक 'शिक्ष्' हे 'शक्' म्हणजे समर्थ असणे या धातूचे इच्छार्थक रूप मानतात. 'शक्ती' आणि 'शक्य' हे शब्दही याच धातूचे. तेव्हा शिकणे म्हणजे मुळात समर्थ होण्याची इच्छा धरणे. इटालियन भाषेतील 'इम्पारारे' (शिकणे) या क्रियापदाच्या मुळाशीही लॅटिन 'पारारे', म्हणजे तयार करणे, मिळवणे, हेच आहे. या दोन्ही मुळांत शाळा नाही आणि परीक्षाही नाही.

अर्थात, व्युत्पत्ती हा आजच्या अर्थाचा निवाडा नव्हे. 'शिक्षा' म्हणजे संस्कृतात अध्ययन. मराठीत त्याचा रूढ अर्थ दंड. अर्थ वापरातून ठरतो. म्हणून वापराकडेच पाहू. 'तो वेल्डिंग शिकला', 'ती पोहायला शिकली' येथे मूळचा व्यापक अर्थ जिवंत आहे. 1961 च्या कायद्याने ज्याला शिकाऊ उमेदवार म्हटले, तो यंत्रापाशी उभा राहूनच शिकतो. परंतु काय शिकला हे न सांगता नुसते 'शिकलेला' म्हटले, की अर्थ शाळा-महाविद्यालयापुरता उरतो. हा संकोच निरुपद्रवी नाही. वीस वर्षे लेथ चालवणारी व्यक्ती त्यामुळे स्वतःलाच 'न शिकलेली' म्हणू लागते.

आपल्यापैकी अनेक जण पाळी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. पदवी अवश्य मिळवावी. तिचे मोल कमी नाही. मात्र तिच्या आधीची वर्षे न शिकलेली म्हणून खोडू नयेत, असे माझे मत आहे. आपल्या कामाच्या ठिकाणी 'शिकणे' कशाकशाबद्दल वापरले जाते, याची आठवडाभर नोंद करा आणि मग ठरवा : शिकलेला कोणाला म्हणावे?