शिळेआडची पेटी

इंग्लंडमधील डार्टमूरच्या ओसाड माळरानावर, क्रॅनमिअर या दुर्गम जागी, १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेविली. तेथवर पोहोचणारे प्रवासी तीत आपल्या नावाचे कार्ड टाकीत. आज त्या माळावर शिळांआड अशा अनेक पेट्या दडलेल्या आहेत. प्रत्येकीत एक शिक्का व एक वही असते. शोधणारा पेटीतील शिक्का आपल्या वहीत, आणि आपला शिक्का तेथील वहीत उमटवितो. मग पेटी होती तशीच झाकून ठेवतो. कोणी ती पळविली, तर पाहणारे तेथे कोणीच नसते. मात्र मागून येणाऱ्याची पायपीट व्यर्थ जाते. पेटी शोधण्यात चातुर्य आहे खरे. परंतु ती जागच्या जागी ठेवण्यातच खरा मोठेपणा आहे.